टाचेखालची ओल

पांझरेकाठच्या खैरदे गावात निंबा उखाच्या टाचेला एके काळी न्यायाधीशाच्या सहीइतकी किंमत होती. निंबाआप्पा अनवाणी बांधावर यायचे, उजवी टाच मातीत दाबायचे, क्षणभर डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "अजून दोन दिवस दम आहे," नाहीतर, "उद्या पाणी." त्यावर कुणी ब्र काढत नसे.

याचं मूळ गावच्या पाण्याच्या रीतीत होतं. नदीवर जुना दगडी बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट आणि पाटाखाली जमिनीचे चार मोठे तुकडे. एकेका तुकड्याला फड म्हणायचं. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि कुणीही आपल्या शेताला आपल्या हातानं पाणी द्यायचं नाही. ते काम बारेकऱ्याचं. बारेकऱ्याची स्वतःची जमीन फडात नसावी, म्हणजे त्याचा हात कुणाकडे झुकणार नाही. आणखी एक नियम होता. गहू गुडघ्याला लागला की बारेकऱ्यानं उभ्या पिकात पाय घालायचा नाही. काय बघायचं ते बांधावरून बघायचं. आज पिकातून चालला तर उद्या घरातून चालेल, असं जुनी माणसं म्हणत. निंबाआप्पांनी चौतीस वर्षं बारेकरीपण केलं आणि चौतीस वर्षांत हे दोन्ही नियम एकदाही मोडले नाहीत. त्यांना स्वतःविषयी बरं वाटण्यासारखी तेवढी एकच गोष्ट होती.

मग मोजखांब आला. फडाच्या मधोमध पुरुषभर उंचीचा पांढरा नळा उभा राहिला. पाटातून शेतांकडे जाणाऱ्या चाऱ्यांच्या तोंडावर आपोआप उघडमीट करणारी दारं बसली आणि आप्पांचं फावडं घराच्या कोपऱ्यात गेलं. दारं सांभाळायला गावच्या पाणी सोसायटीनं जिला नेमलं ती त्यांचीच मुलगी, हर्षाली. शेतीचं शिक्षण घेऊन ती गावी परतली होती. बापाची भाकरी आपण काढून घेतली असं तिला वाटू नये म्हणून आप्पा पहिल्याच दिवशी तिला म्हणाले होते, "माझी टाच तशीही म्हातारीच झालीये. तुझा खांब काय करतो ते सांग."

तिनं अंगणात गोट्या मांडून सांगितलं होतं. आकाशातून सतत न दिसणाऱ्या कणांचा मारा होत असतो. त्यातून न्यूट्रॉन नावाचे बारीक कण मातीत शिरतात, आदळतात आणि उलटून वर येतात. गोटी मोठ्या दगडावर मारली तर ती जवळजवळ त्याच वेगानं उलटते. तिच्याच वजनाच्या दुसऱ्या गोटीवर मारली तर जागीच थबकते. पाण्यात जो हायड्रोजन असतो त्याचा कण न्यूट्रॉनच्या जवळजवळ त्याच वजनाचा. म्हणून ओल्या मातीतून वेगवान न्यूट्रॉन थोडे परततात, कोरडीतून पुष्कळ. "खांब फक्त परत आलेले मोजतो, आप्पा. बाकी काही नाही."

"म्हणजे माझ्यासारखंच. मीही एवढंच बघायचो, पाय किती उलटतो."

"पण खांब पंधरावीस एकरांची मिळून एक ओल सांगतो. पाच भावांत वीस भाकऱ्या म्हणजे प्रत्येकानं चारच खाल्ल्या असं नसतं ना. कोणाच्या ताटात किती पडल्या ते बघायला गाडी लागते." धाकटं यंत्र बसवलेली एक ढकलगाडी ती दर आठवड्याला चारीचारीनं फिरवायची. तिच्या मोजणीतून फडाचा नकाशा तयार व्हायचा. ओल जास्त तिथं निळा, कमी तिथं लाल.

हे सारं होऊन पाच वर्षं झाली होती. बहात्तरावं लागलेले आप्पा दुपारी ओट्यावर बसून पोथी वाचायचे आणि यंत्राच्या कामात नाक खुपसत नसत. त्या मार्गशीर्षात मात्र हर्षाली आपण होऊन त्यांच्याकडे आली. हातात नकाशे दाखवणारा घडीचा पडदा होता, चेहरा उतरलेला होता.

"आप्पा, एक दाखवायचंय. पण आधी कबूल करा, जिवाला लावून घेणार नाही."

"दाखव तर."

"हा आजचा नकाशा नाही. पंचवीस वर्षांपूर्वीचा आहे."

आप्पा हसले. "तेव्हा खांब कुठं होता?"

"खांब नव्हता. वरून उपग्रह जायचे. ते पिकाची उष्णता टिपायचे." तिनं समजावून सांगितलं. पानाला पाणी मिळालं की ते घाम गाळतं आणि थंड राहतं. तहानलेलं पान घाम आवरून धरतं आणि तापतं. तापलेल्या पानांची नोंद इतकी वर्षं साठून होती, पण ठिपका एवढा जाडा की एका ठिपक्यात चारपाच शेतं बसायची. आता दारं चालवणाऱ्या नव्या संगणक प्रणालीला गाडीची पाच वर्षांची बारीक मोजणी शिकवली होती आणि ती जाडा ठिपका फोडून आतलं दाखवायला शिकली होती. एखाद्याचं अक्षर ओळखीचं झालं की जुनं पुसट पत्रही वाचता येतं, तसं. "हा अंदाज आहे, आप्पा. पण चांगला अंदाज आहे."

पडद्यावर सगळा फड निळा होता. निळ्यात एका ठिकाणी विळ्याच्या आकाराचा लाल डाग होता. हर्षालीनं बोटानं वर्षं पुढं सरकवली. पुढचं वर्ष, त्याच्या पुढचं. गहू बदलला, हरभरा आला, डाग तिथंच.

आप्पांना शेतं नावानं विचारावी लागत नव्हती. "सुकलालचं," ते म्हणाले.

"खाली नदीचा जुना ओघ असावा. वर हातभर काळी माती, खाली वाळू. कडेला मात्र चिकण माती. पाणी शेतभर पोचतं, पलीकडच्या बांधाला लागतं, आणि तिसऱ्या दिवशी मधलं सगळं खाली निघून जातं. बांधावर उभं राहिलं तर..."

"तर टाच रुतते," आप्पा म्हणाले.

*

एकवीस वर्षांपूर्वी सुकलाल भिका फडातला सगळ्यात चेष्टेचा माणूस होता. इतरांचा गहू छातीला लागायचा, त्याचा मधोमध बसका. तो म्हणायचा, पाणी कमी पडतं. लोक म्हणायचे, घाम कमी पडतो. "सुकलालच्या शेतात गहूसुद्धा झोपून राहिला भो," असं गारीगारवाला पोरगासुद्धा म्हणायचा. आप्पा तसं बोलत नसत, पण मनातून त्यांनाही वाटायचं की माणूस आळशी आहे. पाणी तर ते सगळ्यांना सारखं देत होते.

एका दुपारी आप्पा बाभळीखाली भाकरी खाऊन हात धुवायला उठले, तर सुकलाल चारीचा बांध फावड्यानं फोडताना दिसला. बारं, म्हणजे पाण्याची पाळी, येऊन चारच दिवस झाले होते, पुढचं आणखी चार दिवसांनी. फडात याहून मोठा गुन्हा नव्हता. दुसऱ्या दिवशी सोसायटीत पंच बसले. सुकलाल एवढंच म्हणाला, "मधला गहू जळून राहिला. मी चोर नाही. आत येऊन बघा."

आत जायचं तर उभ्या पिकात पाय घालावा लागला असता. गहू कमरेला लागला होता. पंचांनी रीतीप्रमाणं बारेकऱ्याला विचारलं. आप्पांनी तिथं जाऊन बांधावर टाच दाबली आणि परत येऊन सांगितलं, "माती ओली आहे. पाण्याची गरज नव्हती."

बारेकऱ्याचा शब्द शेवटचा. सुकलालला एका हंगामापुरतं फडाबाहेर काढलं आणि त्याचं फावडं सोसायटीच्या भिंतीला टांगलं. एक हंगाम संपला, पण तो परत आला नाही. बायकोपोरांना घेऊन सुरतेला गेला. शेत पडीक राहिलं. फावडं भिंतीवरच राहिलं. नवी इमारत झाली तेव्हा लोकांनी ते जपून तिथंही लावलं. शाळेची पोरं आली की त्यांना दाखवायचे, हे पाणीचोराचं फावडं.

गेल्या वर्षी सुकलालची मुलगी उज्वला म्हाताऱ्या बापाला घेऊन परत आली होती. पडीक शेत नांगरलं, शेताच्या कडेला पत्र्याची खोली बांधली आणि फडात पुन्हा नाव लावून घेतलं. यंदा तिचा गहू चार बोटं वर आला होता.

*

"त्यांना सांगायला पाहिजे," आप्पा म्हणाले.

हर्षालीनं पडदा मिटला. "सांगा. पण सोसायटीत बोलायची घाई करू नका. तिच्या शेताची गाडीची मोजणी एकाच हंगामाची आहे. तीन हंगाम होईपर्यंत प्रणाली ते शेत संशयाचं धरते आणि सरासरीइतकं पाणी देते. जुना नकाशा एकटा पुरावा होत नाही. त्याला जमिनीवरच्या माणसाच्या माहितीची जोड लागते."

"तो माणूस मीच की."

"हो. पण ती जोड मिळाल्यावर प्रणाली काय ठरवेल ते मला सांगता येत नाही."

आप्पांना वाटलं, पोरगी बापाची अब्रू सांभाळतेय. त्यांनी मान हलवली आणि पायात चपला न घालताच बाहेर पडले.

सुकलाल खोलीबाहेर बाजेवर बसून शेंगा फोडत होता. नजर अधू झाली होती, पण आवाज ओळखला. "निंबा का रे? ये. बस. उज्वला, चहा ठेव माय."

आप्पांनी चहा होऊ दिला नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. वाळूचं, तापलेल्या पानांचं, टाचेचं. शेवटी म्हणाले, "तू आळशी नव्हतास, सुकलाल. चोरही नव्हतास. चुकलो मी. आत यायला पाहिजे होतं."

उज्वला चुलीपाशी थबकली होती. ती काही बोलायच्या आत सुकलालनं हातातली शेंग खाली ठेवली.

"धीरजला मी उगाच मारलं मग."

"कोणाला?"

"माझा पोरगा. विसरलास का?" सुकलाल शांतपणे बोलत होता, जणू दुसऱ्याच्या घरातलं सांगतोय. "मधला गहू तो निंदायचा. मला वाटायचं, हा नीट निंदत नाही म्हणून बसका राहतो. बैलाच्या कासऱ्यानं मारायचो. सुरतेला गेल्यावर एक दिवस कामावर गेला तो आलाच नाही. सतरा वर्षं झाली." त्यानं पुन्हा शेंग उचलली. "मला वाटायचं, आळशी बापाचं आळशी पोरगं. तो तर चांगला निंदत होता म्हणायचा."

आप्पा खाली बसले. उज्वलानं त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

"आप्पा, हे तुम्ही सोसायटीत सांगाल?" तिनं विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. आशा होती, आणि ती त्यांना रागाहून जड गेली. "मधल्या पट्ट्याला चार दिवसांनी पाणी पाहिजे, एवढं लिहून दिलं तरी पुरे. थोडं थोडं, पण लवकर लवकर. यंदा हा गहू उभा राहिला पाहिजे. बाबांना एकदा दाखवायचाय. पेरून महिना होत आलाच."

"उद्याच सांगतो," आप्पा म्हणाले.

*

सोसायटीच्या बैठकीला तीसेक माणसं होती. चेअरमन जगतराव मन लावून ऐकणारा गृहस्थ होता. आप्पा बोलायला उठले तेव्हा त्यानं पंखा बंद करायला लावला, म्हाताऱ्याचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून.

चार माणसांत आप्पांना आधीच बोलता येत नसे. तरी त्यांनी काही झाकून ठेवलं नाही. बांधावरून बघण्याची रीत सांगितली. कडेची चिकण माती आणि मधली वाळू सांगितली. पाणी पलीकडच्या बांधाला लागायचं म्हणून आपण दार लावायचो, हे सांगितलं. आता मागं वळून बघितलं तर आठवतं की त्या शेतात पाणी सोडलं की पाटाचा जोर कमी व्हायचा आणि दुसऱ्या शेतापेक्षा दीडपट वेळ लागायचा, हेही सांगितलं. "त्या वेळी मी म्हणायचो, शेत तहानलेलं आहे. ते पीत नव्हतं, गळत होतं. त्या जमिनीला दुप्पट पाणी लागतं. सुकलालवर अन्याय झाला, तो माझ्या तोंडून झाला. तो आता भरून काढा."

कुणीतरी नाक शिंकरलं. जगतराव उठला, आप्पांचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "आप्पा, असं बोलायला काळीज लागतं." सुकलाल भिका निर्दोष असल्याचा ठराव तिथल्या तिथं एकमतानं झाला. भिंतीवरचं फावडं उतरवून सन्मानानं परत द्यायचं ठरलं.

"आणि पाणी?" आप्पांनी विचारलं.

जगतरावनं हर्षालीकडे बघितलं. ती टेबलाशी बसली होती. आप्पा बोलत असताना त्यांचं बोलणं नोंदलं जात होतं. तसा नियमच होता. गळती, दीडपट वेळ, दुप्पट पाणी. तिनं पडद्यावर बघितलं आणि वर बघायचं टाळलं.

"संशय मिटला," ती म्हणाली. "प्रणालीनं ते शेत विरामात टाकलं."

विराम म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत होतं, फक्त आप्पांना नव्हतं. जगतरावनंच समजावलं. वरच्या धरणातून गावाला मिळणारं पाणी तीन वर्षांत निम्म्यावर आलं होतं. ज्या गावात थेंबामागं दाणे जास्त, त्या गावाला पुढच्या साली पाणी जास्त, असं वरून ठरलेलं. गळणाऱ्या एका शेतावर घातलेल्या पाण्यात दुसरी दोन शेतं पिकतात. म्हणून जे शेत गळतं असं पुराव्यानिशी ठरतं त्याचं दार बंद होतं. कायमचं.

"पण तिचा गहू उभा आहे," आप्पा म्हणाले.

"आप्पा, माझ्याही शेताचा एक कोपरा मागच्या वर्षी विरामात गेला. मी कुणाशी भांडू? तिला नुकसानभरपाई मिळेल, अर्ज मी स्वतः लिहून देतो."

"मग मी बोललो ते खोटं धरा. म्हातारा आहे, चळ लागलाय म्हणा."

कुणी हसलं नाही. जगतराव हळूच म्हणाला, "बारेकऱ्याचा शब्द आम्ही कसा खोटा धरणार?"

बाहेर आल्यावर हर्षाली त्यांच्या मागं आली. तिचे डोळे भरले होते. "तुम्ही बोलला नसता तर आणखी दोन हंगाम तिला पाणी मिळालं असतं," ती म्हणाली, आणि लगेच, "मी तुम्हाला धरून ठेवायला पाहिजे होतं. मला ओळखता आलं नाही."

आप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. दुसऱ्या हातात सुकलालचं फावडं होतं. एकवीस वर्षांपूर्वी त्यांनी खरं समजून खोटं सांगितलं होतं, आज खरं ते खरं सांगितलं होतं. दोन्ही वेळेला पाणी गेलं ते एकाच घराचं.

*

उज्वलाला त्यांच्या आधी बातमी पोचली होती. ती चारीच्या दाराशी उभी होती. दारावरचा लहान दिवा लाल झाला होता. आप्पांना बघून ती बाजूला झाली नाही, पुढंही आली नाही.

"आप्पा," ती म्हणाली, "आम्ही चोर म्हणून बरे होतो. चोराला निदान एका हंगामानं माफ करतात."

आप्पा शेतात उतरले. गहू अजून घोट्याइतकाच होता. पाय घालायला कुठली रीत आड येत नव्हती. ओळींमधून जपत ते मधोमध गेले. इतक्या वर्षांत त्या जागी ते पहिल्यांदाच उभे होते. त्यांनी उजवी टाच दाबली. माती जराही दबली नाही. कोरड्या पोळीसारखी ती कडक होती, आणि भोवतालच्या गव्हाची पानं दुमडून बारीक झाली होती. यंत्राची गरज नव्हती. इथवर वीस पावलं आत यायची गरज होती.

बाजेवरून सुकलालची हाक आली. "निंबा, तूच ना?"

आप्पा त्याच्याकडे गेले आणि फावडं त्याच्या मांडीवर ठेवलं. सुकलालनं आधी दांडा चाचपला. मग पात्यावरून अंगठा फिरवला आणि त्याचा चेहरा असा उजळला की उज्वलानं मान फिरवली. तिनं बापाला अजून काही सांगितलेलं नव्हतं.

"माझंच आहे. ही खाच धीरजनं पाडली होती, दगडावर मारून." तो बाजेखाली हात घालून धार लावायचा दगड शोधू लागला. "म्हणजे निकाल लागला म्हणायचा."

"लागला. तू निर्दोष आहेस असं सगळ्यांनी लिहून दिलं."

"आणि मधलं पाणी?"

उज्वलानं आप्पांकडे बघितलं. बोलायचं ते तिनं त्यांच्यावर सोडलं होतं.

सुकलाल दगडावर पातं घासू लागला. घासता घासता, जुन्या सवयीनं, शेजारी उभ्या असलेल्या बारेकऱ्याला विचारावं तसं त्यानं विचारलं, "आपलं बारं कधी रे निंबा? मातीत दम किती आहे? तू आत्ता आत जाऊन आलास ना?"

निंबाआप्पांच्या टाचेला अजून ती कोरडी माती चिकटलेली होती. चौतीस वर्षांत त्यांनी बघितल्याखेरीज काही सांगितलं नव्हतं, आणि आज तर अगदी आत जाऊन बघितलं होतं. लाल दिव्याकडे पाठ करून ते बाजेच्या कडेवर बसले.

"अजून दोन दिवस दम आहे," ते म्हणाले.

सुकलालनं मान डोलावली आणि पात्याची दुसरी बाजू घासायला घेतली.